रंगाखाली गेलेला नंबर

भोपाळच्या कारखाना-वसाहतीत, पिपलानीच्या त्या ओळीत नीळकंठराव मुलमुल्यांचं क्वार्टर शोधायला कुणाला विचारावं लागत नसे. ज्या घराचं फाटक, तुळशीचा कठडा, कूलरचा स्टँड, सायकल, शिलाई मशीनचे पाय आणि उंदराचा पिंजरासुद्धा एकाच राखाडी रंगाचा, ते घर मुलमुल्यांचं. कारखान्यात मशीनला देतात तोच हा रंग. उगाच मनात शंका आणू नका, कारखान्यातून आणलेला नव्हे. त्या बाबतीत माणूस अगदी सोवळा. बरखेड्याच्या बाजारातून त्याच छटेचा डबा पदरमोड करून आणायचे. विश्वकर्मा पूजेच्या आधी त्यांच्या शॉपमधली, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागातली, सगळी मशीनं घासूनपुसून नव्या रंगानं चकचकीत व्हायची, आणि एकदा हातात ब्रश आला की तो घरी आल्यावरही सुटायचा नाही. मेंटेनन्सचे फोरमन होते ते. गंज दिसला की त्यांना जेवण जात नसे.

गंजाचं सोडा, काळजी करायला या माणसाला कुठलंही निमित्त पुरायचं. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणार. नागपूरला जायचं तर गाडीच्या कितीतरी आधी हबीबगंज स्टेशनवर सामानावर बसून राहणार. त्यांची बायको सिंधूताई म्हणायची, ‘‘यांना न्यायला वैकुंठाचं विमान आलं ना, तरी हे आधी त्याच्या चाकातली हवा बघतील.’’

म्हणायची. आता म्हणत नव्हती. दोन वर्षांमागं सिंधूताईंच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वास घ्यायला गळ्याच्या खोबणीत एक भोक ठेवलेलं, त्याच्यावर जाळीचा पातळ रुमाल. जेवणखाण, स्वयंपाक, धुणंभांडी सगळं पहिल्यासारखं. फक्त घर एकदम गप्प झालं. जिनं आयुष्यभर कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून शेजारणीशी गप्पा मारल्या, ती आता पाटीवर खडूनं लिहू लागली.

डॉक्टरांनी गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. सिंधूताईंनी ते पहिल्यांदा लावलं तेव्हा त्यातून असा घरघरता आवाज निघाला, की शेजारच्या कुसुमताईंची नात भेदरून रडायला लागली. नीळकंठरावांनी लगेच ते यंत्र उचलून कपाटात ठेवलं. बाहेर पडायचं म्हटलं की ते स्वतः बायकोच्या गळ्याला स्कार्फ बांधत. आधी सैल, मग घट्ट, मग श्वास कोंडेल म्हणून परत सैल. हळूहळू दवाखाना सोडला तर बाहेर पडणं बंदच झालं. मराठी मंडळाचं हळदीकुंकू नाही, गणपती नाही, भाजीबाजारही नाही. ‘‘लोक टक लावून बघतात हो, तिला सहन होत नाही,’’ असं नीळकंठराव सगळ्यांना सांगत. सिंधूताई शेजारी उभ्या राहून मान हलवत. नवराच म्हणतोय तर तसंच असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

एक खिडकी तेवढी उघडी होती. त्यांची एकुलती एक लेक, वैजयंती, लग्न होऊन टोरांटोला गेलेली. रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, वैजू कॉम्प्युटरवर यायची आणि मायलेकी टाइप करत गप्पा मारायच्या. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. आधी सिंधूताईंना एकेक अक्षर शोधावं लागायचं, पण सहा महिन्यांत त्यांची बोटं अशी चालायला लागली की नीळकंठराव तोंडात बोट घालून बघायचे. फोनवर त्या लेकीचं ऐकू शकत, बोलू शकत नसत. मोबाइलचं बटण तीनतीनदा दाबून अक्षर काढायचं त्यांना जमायचं नाही. कॉम्प्युटरवर मात्र त्या पहिल्यासारख्या बोलत, चिडत, चिडवत. वैजूला दिवस गेले तेव्हा तर ही संध्याकाळची वेळ घरातल्या दिवाबत्तीइतकी ठरलेली झाली. डोहाळे काय लागले, पाय सुजतात का, सगळं तिथंच. लेकीचं बाळंतपण करायला आईनं जायचं, ते तर जमणारच नव्हतं. निदान हे तरी होतं.

आणि बाळंतपण तोंडावर आलेलं असताना, एका सोमवारी संध्याकाळी, कॉम्प्युटरचा पडदा निळा पडला. पांढरी अक्षरं आली, तिथंच थिजली. बंद करून चालू केला, परत निळा. नीळकंठरावांनी पंख्याची जाळी साफ केली, वायरी हलवून पाहिल्या, डब्यावर एक थापही मारली. काही नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर ते इंद्रपुरीतल्या रईस मियांना स्कूटरवर घालून घेऊन आले. रईस मियां म्हणजे कॉलनीचे कॉम्प्युटर-डॉक्टर. पिकलेली दाढी, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि बोलण्यात अस्सल भोपाळी. त्यांनी थोडा वेळ खटपट केली आणि मान हलवली. ‘‘अंदर से सड़ गई है विंडो, भाईसाब. उड़ा के नई डालनी पड़ेगी. नंबर तो है ना आपके पास?’’

‘‘है क्या मतलब? मुँहज़बानी याद है,’’ नीळकंठराव म्हणाले.

आता हा नंबर काय भानगड, ते सांगायला हवं. विंडोज नव्यानं टाकताना एक लांबलचक नंबर विचारतात, तो दिला तरच पुढं सरकतं. प्रत्येक कॉम्प्युटरचा नंबर वेगळा असतो. असायला हवा. पण पाचसहा वर्षांमागं स्टोअर्समधल्या यशवंतराव ठोसरांनी पुढाकार घेऊन कॉलनीतल्या मराठी घरांसाठी एकदम सगळे कॉम्प्युटर आणवले, तेव्हा दुकानदाराच्या माणसानं एकाच सीडीवरून, एकाच नंबरानं, सगळी घरं उरकली. डब्याच्या कुशीला प्रत्येकाचा खरा नंबर चिकटवलेला होता, पण तिकडं बघतो कोण? कुणाचं मशीन बिघडलं की ठोसरांकडची सीडी आणायची आणि तो सामायिक नंबर घालायचा. शेजारून विरजण मागून आणावं, तसं. कारखान्याच्या वस्तीत शिडी एक, मोठा पाना एक, पाहुण्यांची गादी एक. मग नंबर वेगवेगळे कशाला? कुणाला त्यात गैर वाटलं नाही, आणि नीळकंठरावांना तर तो नंबर आपल्या कारखान्यातल्या हजेरीच्या टोकन नंबरासारखा पाठ झाला होता.

ठोसरांची जुनी सीडी घासून घासून निकामी झालेली, म्हणून रईस मियांनी आपल्याजवळची नवी लावली. जुनं सगळं पुसलं गेलं. पडद्यावर नंबराची चौकट आली. नीळकंठरावांनी देवापुढं म्हणावं तसा नंबर म्हटला, रईस मियांनी टाइप केला.

चालला नाही.

परत टाकला. एकेक अक्षर बोटानं दाखवत टाकला. नाही म्हणजे नाहीच.

‘‘ये तो नी ले रिया,’’ रईस मियां म्हणाले. ‘‘नई सीडी में ऐसे नंबर बंद कर दिए हैं उन लोगों ने. कितने घरों में चला रखा था?’’

दाराशी सिंधूताई पाटी छातीशी धरून उभ्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं, ‘‘झालं का?’’

‘‘होतंय, होतंय,’’ ते म्हणाले. ‘‘तू चहा टाक.’’

त्या आत गेल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, की तुमच्याकडं दुसरी एखादी सीडी असेल ना, नंबर न विचारणारी? रईस मियांनी कानाला हात लावला. गेल्या महिन्यात बाजारात नकली सीड्यांची तपासणी झाली, तेव्हापासून तसला माल ठेवणं त्यांनी सोडलं होतं. मग त्यांना काहीतरी आठवलं. ‘‘अरे, डब्बे पे स्टीकर होगा ना. बाजू में. उसमें असली नंबर होगा आपका. वो चलेगा.’’

त्यांनी डबा उजेडाकडं वळवला. डब्याची कूस इकडून तिकडं सपाट, गुळगुळीत, राखाडी होती. ब्रशचा एक केस दिसत नव्हता. असं काम की एखाद्या रंगाऱ्यानं शिष्य व्हावं.

रईस मियांनी एकदा डब्याकडं पाहिलं, मग कूलरच्या स्टँडकडं, मग खिडकीच्या गजांकडं. ‘‘आपने इसको भी रंग दिया?’’ त्यांनी विचारलं.

दिला होता. प्लास्टिक आणि पत्रा पिवळट पडला म्हणून गेल्या विश्वकर्मा पूजेला दिला होता, दोन हात. वर त्या डब्याला हळदकुंकू लावून नमस्कारही केला होता. नीळकंठरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तो कागद त्यांना आता स्पष्ट आठवत होता. रंगाला कड येऊ नये म्हणून त्यांनी त्यावरून काचपेपरही फिरवला होता, आणि फिरवताना ‘काय काय चिकटवून ठेवतात हे लोक’ असं मनातल्या मनात म्हटलंही होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. अहो, कारखान्यात शिकाऊ पोरानं मशीनवरच्या नंबरपट्टीवर रंग फिरवला असता, तर याच माणसानं त्याला संध्याकाळपर्यंत उभं केलं असतं.

रईस मियां चहा घेऊन गेले. कॉम्प्युटर आता जुनाही राहिला नाही आणि नवाही झाला नाही. चौकट तेवढी चमकत होती. नीळकंठरावांनी सिंधूताईंना सांगितलं की एक सुटा भाग मागवायचा आहे, येईल एकदोन दिवसांत. रंगाचं काही बोलले नाहीत.

सिंधूताईंनी पाटीवर लिहिलं, ‘‘तोवर ठोसरांकडे जाऊन बोलू?’’

‘‘नको गं,’’ ते म्हणाले. ‘‘ठोसरांच्या रत्नप्रभावहिनींचा स्वभाव माहीत आहे ना? मागं उभ्या राहून बघत बसतील. गळ्याचं विचारतील.’’

त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. ‘‘आनंद नगरला कॅफे आहे.’’

‘‘शहाणीच आहेस. कॉलेजची पोरं असतात तिथं. दाटीवाटीनं बसायचं, त्यात तुझा श्वास. काही झालं तर?’’ बोलता बोलता त्यांचाच श्वास चढला. ‘‘मी करतो ना काहीतरी. माझ्यावर सोड.’’

सिंधूताईंनी पाटी पुसली आणि त्या कणीक मळायला बसल्या.

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. वैजूचा होता. आवाज घाबरलेला. मूल आडवं आहे, डॉक्टरांनी ऑपरेशनच करायचं ठरवलं आहे, शुक्रवारी सकाळी. तिकडच्या सकाळी. ‘‘दोन दिवस तुम्ही ऑनलाइन का नाही? मला आईशी बोलायचंय, बाबा.’’

त्यांनी फोन सिंधूताईंच्या कानाला लावला. मायलेकींची फोनची एक खूण होती: नखानं एकदा टिचकी म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. वैजू बोलत होती आणि शेजारी कान लावून बसलेल्या नीळकंठरावांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. ‘‘आई, मला खूप भीती वाटतेय गं. इथं सगळे म्हणतात काही होत नाही. तुझं एवढं मोठं ऑपरेशन झालं. तू सांग ना, तुला कसं वाटलं होतं आदल्या रात्री?’’

याला हो किंवा नाही काय म्हणणार? सिंधूताईंनी पाटी ओढली, भराभर लिहिलं आणि नवऱ्यापुढं धरली. लिहिलं होतं: ‘‘मलाही भीती वाटली होती. फार. रात्रभर तुझ्या बाबांचा हात धरून बसले होते. भीती वाटू दे, तिला हाकलायला जाऊ नकोस. तशीच आत जा.’’

नीळकंठरावांनी वाचलं. त्या रात्रीचा तो हात त्यांना आठवला, घामेजलेला, गार. हे असलं मोठ्यानं कसं वाचायचं? एकदा का आपला आवाज फाटला तर पोरगी तिकडं कोलमडेल. त्यांनी खाकरून फोनमध्ये सांगितलं, ‘‘आई म्हणते, भिण्यासारखं काही नाही. अगदी साधं ऑपरेशन असतं. देवाचं नाव घे.’’

सिंधूताईंनी फोन हिसकला आणि त्यावर टिचकी मारली. दोनदा. मग परत दोनदा.

‘‘बाबा, आई नाही म्हणतेय,’’ वैजू म्हणाली. ‘‘तिनं काय लिहिलंय ते नीट वाचा ना.’’

‘‘अगं, तेच ते. अर्थ तोच.’’

वैजूनं बाबांचा नाद सोडला. मग म्हणाली, ‘‘आई, गुरुवारची रात्र मला काही झोप लागणार नाही. मी कॉम्प्युटर चालू ठेवून बसेन. जमलं तर ये.’’ सिंधूताईंनी एकदा टिचकी मारली. मग नवऱ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की ते उठून उगाच पाण्याची टाकी बघायला गेले.

गुरुवार सगळा असाच गेला. स्वतंत्र नंबराची विकतची सीडी एम.पी. नगरच्या दुकानात शुक्रवारी दुपारपर्यंत येईल, अशी बातमी होती. दुपार म्हणजे तिकडची रात्र सरत आलेली. म्हणजे वरातीमागून घोडं. नीळकंठराव शिफ्टवरून आले ते थिनरची बाटली आणि कापूस घेऊनच. डबा अंगणात नेला, खाली पोतं अंथरलं, आणि कारखान्यात बेअरिंग उघडायला बसतात तसे मांडी घालून बसले. जिथं कागद होता ती जागा त्यांनी अंदाजानं धरली. कापूस भिजवला, हलकेच फिरवला. वरचा हात उतरला. मग खालचा. हळूहळू कागदाची एक कड दिसली आणि ते आणखी खाली वाकले. एक अक्षर दिसलं. खरंच दिसलं, त्याच्या शेजारचा आकडाही दिसला. बुडत्याला काडी सापडली. त्यांनी नवा कापूस घेतला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि पुढं सरकले.

काचपेपरनं सोललेला तो कागद थिनरला किती दाद देणार? पुढच्या फेऱ्यात शाई पसरली. ती टिपायला गेले तर कागदाचा लगदा होऊन कापसाला चिकटून आला. खाली स्वच्छ पत्रा राहिला. नीळकंठराव त्या पत्र्याकडं बघत बसले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक स्क्रू जास्त पिळला गेला नव्हता, आणि आज पोरीला आईची गरज असताना त्यांनी आपल्या हातानं दार बंद करून वर रंग दिला होता.

मागं चाहूल लागली. सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं; डबा, ब्रश, कागद, सगळं. पदर तोंडाशी धरलेला आणि खांदे हलत होते. रडतेय, नीळकंठरावांना वाटलं. आवाज नसलेलं ते रडणं बघवेना. त्यांनी मान खाली घातली आणि हात धुवायच्या निमित्तानं नळाशी जाऊन उभे राहिले.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि दुकान उघडायच्या आत एम.पी. नगरला जाऊन बाहेर उभे राहिले. दुकानदार आला, त्यानं फोन लावले, आणि सांगितलं की माल आज निघेल, उद्या पोहोचेल. ‘‘भाईसाब, ऐसी भी क्या जल्दी है?’’ तिकडं टोरांटोत रात्र चढत होती, एक पोरगी पडद्यापुढं बसून होती, आणि इकडं तिची आई गप्प. नीळकंठरावांनी स्कूटर वळवली. ठरवलं की घरी जायचं, हात जोडून सगळं कबूल करायचं आणि फोनवर पाटी जशीच्या तशी वाचून दाखवायची. रडू आलं तर आलं. वाटेत दोनदा त्यांनी ते मनातल्या मनात वाचूनही पाहिलं, आणि दोन्ही वेळा ‘हात धरून’ पाशी गाडी अडली.

घराला कुलूप होतं.

ते कुलूप त्यांनी ओढून पाहिलं. मागच्या दाराला जाऊन आले. परसात पाहिलं. सिंधूताई एकट्या कुठं जात नाहीत. त्यांना हाक मारता येत नाही, कुणी धक्का दिला तर ओरडता येत नाही, गळ्यातल्या भोकात काही अडकलं तर सांगताही येत नाही. नीळकंठरावांची पाचावर धारण बसली. कुसुमताई कपडे वाळत घालत होत्या, त्यांना विचारलं तेव्हा शब्द धड जुळेनात.

‘‘सिंधूताई? ऑटोनं गेल्या की,’’ कुसुमताई म्हणाल्या. ‘‘पाटी दाखवली ऑटोवाल्याला, बसल्या, गेल्या. आनंद नगर म्हणत होता तो.’’ मग त्या थांबल्या. ‘‘स्कार्फ नव्हता हो गळ्याला. मी म्हटलं, विसरल्या असतील.’’

रायसेन रोडवर स्कूटर कशी चालवली, ते त्यांना आठवत नाही. आनंद नगरचा तो कॅफे एका औषधाच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर. आत प्लायवुडचे कप्पे, जुना कूलर, पोरापोरींची कुजबुज. नीळकंठराव दारात धापा टाकत उभे राहिले आणि एकेका कप्प्यात वाकून बघत गेले. लोक त्यांच्याकडं बघत होते. शेवटच्या कप्प्यात सिंधूताई बसल्या होत्या, पाठमोऱ्या. पाटी बाजूला भिंतीला टेकवलेली. बोटं चालत होती. शेजारच्या कप्प्यातल्या मुलीनं त्यांच्या गळ्याकडं एकदा पाहिलं, आणि परत आपल्या पडद्याकडं वळली.

हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नजर पडद्यावर गेली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी ते सावकाश वाचत. आज मात्र झरझर वाचलं.

वर बरंच काही लिहून झालेलं होतं. भीतीचं, आदल्या रात्रीचं, धरलेल्या हाताचं. खाली वैजूचं वाक्य होतं: ‘‘आता बरं वाटतंय गं. झोप येतेय. पण कॉम्प्युटरला झालं काय होतं?’’

सिंधूताईंनी लिहिलेलं: ‘‘तुझ्या बाबांनी त्यालाही रंग दिला. वर काल थिनरनं पुसत बसले होते. मी दारात उभी राहून इतकी हसले की श्वास लागला.’’

नीळकंठराव भिंतीला टेकले.

‘‘हसलीस?’’ वैजूनं लिहिलं. ‘‘बाबा म्हणतात तू सारखी रडतेस. म्हणून बाहेर पडत नाहीस. लोक बघतात म्हणून. आज कशी आलीस मग?’’

सिंधूताईंची बोटं थांबली. मग एकेक शब्द उमटत गेला आणि त्यांच्या मागं उभा असलेला त्यांचा नवरा तो उमटता उमटता वाचत गेला.

‘‘मला लोकांचं काही वाटत नाही गं. कुणी माझ्या गळ्याकडे बघितलं ना, की यांचा चेहरा उतरतो. तो मला बघवत नाही. म्हणून घरी बसते. यांना सांगू नकोस मी आले होते ते. घाबरतील.’’

पलीकडून उत्तर आलं की नाही, ते नीळकंठरावांना दिसलं नाही, कारण डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. दोन वर्षं. हळदीकुंकू, गणपती, भाजीबाजार, ते कपाटातलं यंत्र. ज्याच्यासाठी हे सगळं बंद केलं, तो माणूस ते स्वतःच होते.

त्यांच्या हुंदक्याचा आवाज झाला असावा. सिंधूताईंनी वळून पाहिलं आणि त्या दचकल्या. सवयीनं त्यांचा हात पदराकडं गेला, पदर गळ्याभोवती ओढून घ्यायला. आजूबाजूच्या कप्प्यांतून दोनचार माना वळल्या होत्या.

नीळकंठरावांनी तो हात धरला आणि खाली आणला.

‘‘राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘बघू देत.’’

त्यांचा चेहरा कसा दिसत होता कुणास ठाऊक. सिंधूताई बराच वेळ तो निरखून बघत राहिल्या. मग त्या बाकड्यावर थोड्या सरकल्या, आणि नीळकंठराव त्यांच्या शेजारी बसले. पडद्यावर वैजू विचारत होती, ‘‘आई? आहेस ना?’’ सिंधूताईंनी नवऱ्याचा हात सोडला नाही, त्यामुळं उत्तर एकाच हातानं टाइप करावं लागलं, आणि त्याला जरा वेळ लागला.